मार्तंडरावांच्या दारातलं पाणी

विमलाबाईंनी लग्नाआधी मार्तंडरावांना एकच प्रश्न विचारला होता. मुलगी बघायला मंडळी गंगाखेडला आली, पोहे झाले, आणि कुणीतरी वडीलधाऱ्यानं "मुलीलाही काही विचारायचं असलं तर विचारू द्या" असं नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं. मुलीनं खरोखरच विचारलं. "तुमच्या घरापासून पाणी किती लांब आहे?"

तिचं माहेर गोदावरीच्या घाटाला लागून. संध्याकाळी पाण्यात पाय सोडून बसल्याशिवाय तिला जेवण गोड लागत नसे. मार्तंडरावांच्या परभणीतल्या बिऱ्हाडापासून सर्वांत जवळचा आड चार गल्ल्या सोडून होता, आणि त्याचं पाणी पाताळात. पण मार्तंडराव त्या वयात होते आणि उर्दू शायरीच्या नादात होते. ते म्हणाले, "पाणी तुमच्या दारात आणून सोडीन."

बैठकीतून "वा, वा" झाली. सगळ्यांनी ते वाक्य घ्यायचं तसं घेतलं आणि सोडून दिलं. विमलाबाईंनी मात्र ते जसंच्या तसं घेतलं, कारण त्यांना वाक्यं तशीच घ्यायची सवय होती.

त्यानंतर संसार झाला, मुलगी मोठी होऊन सासरी गेली, पण दारात पाणी काही आलं नाही. विमलाबाई त्याबद्दल कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. रोज संध्याकाळी त्या पितळी परात ओसरीवर मांडायच्या, तीत दोन तांबे पाणी ओतायच्या आणि पाय बुडवून समोरच्या भिंतीकडे बघत बसायच्या. त्यांनी टोमणा मारला असता तर मार्तंडरावांना उत्तर देता आलं असतं. परातीला माणूस काय उत्तर देणार?

मार्तंडराव कचेरीत तर्जुमा करत. निजामाचं राज्य गेलं, कचेरीची भाषा बदलली, आणि जुने उर्दू कागद मराठीत आणायचं काम त्यांच्या टेबलावर येऊन पडलं. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं इकडून तिकडे नेऊन त्यांचं असं झालं होतं, की साध्या बोलण्यातही त्यांना काव्य ऐकू येई. शिपाई म्हणाला, "साहेब, दिव्यातलं तेल संपलं," की मार्तंडराव क्षणभर डोळे मिटत आणि "क्या बात है" म्हणत. शिपाई तसाच उभा राही, तेलाचं काही होत नसे. दोष तसा लहानसाच. पण माणसाला बंगली घ्यायला लावतात ते असले लहानसे दोषच.

बंगली होती पालमच्या पुढं, चांदतळ्याच्या काठी. तिथल्या जहागीरदारांनी हिवाळ्यात बदकांच्या शिकारीसाठी ती सागवानात बांधून घेतली होती. एक खोली, पुढं चार हात पडवी, वर गवताचं छप्पर. जहागिरी खालसा झाल्या, नवाबसाहेब हैदराबादला निघून गेले, आणि बंगली विकायची आहे ही बातमी परभणीत पसरली. मग काय! ज्यांनी आयुष्यात घंगाळापेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं, त्यांनाही तळ्याकाठी राहायची हौस आली. मानवतच्या बन्सीधरशेटनी माणूस पाठवला. एका वकिलांनी तर बंगलीत बसून पिण्यासाठी काचेचे पेलेसुद्धा आणून ठेवले, पण काय पिणार ते सांगायला तयार नव्हते.

शेजारचे दत्तराव बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. सल्ला देणं हीच आता त्यांची पेन्शन होती, आणि ती ते स्वतःच वाटत फिरत. ते म्हणाले, "मार्तंडराव, काय करायलात! लाकडाचं घर म्हणजे वाळवीची खानावळ. घेऊ नका. पण घेतलंत तर मला विचारल्याशिवाय खिळा ठोकू नका."

मार्तंडराव नवाबसाहेबांच्या म्हाताऱ्या कारभाऱ्याला भेटायला गेले ते एका शेरानं सुरुवात करून. म्हातारा चपापला. सारं गाव एका रात्रीत मराठी झाल्यापासून त्याला इतक्या स्वच्छ उर्दूत कोणी आदाब केला नव्हता. दोघांनी दुपारभर शायरी केली, चहा गार झाला, परत आला, परत गार झाला. संध्याकाळी म्हाताऱ्यानं बन्सीधरशेटचा माणूस बाहेर ताटकळत असताना बंगली मार्तंडरावांना देऊन टाकली.

"एक गोष्ट लक्षात ठेवा," निघताना तो म्हणाला. "ये बंगली हमेशा पानी के किनारे रही है, जनाब. हमेशा किनारेही रखना."

मार्तंडरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय बोलला म्हातारा!" घरी आल्यावर ते विमलाबाईंना म्हणाले. "जन्मभर काठावर राहा. बुडू नका आणि दूरही जाऊ नका. सूफी माणूस आहे!"

"म्हणजे पाणी दारात आहे ना?" विमलाबाईंनी विचारलं.

"दारात! अगं, खरेदीखतातच लिहिलंय. चतुःसीमा अशी: पश्चिमेस गाडीवाट, दक्षिणेस मुंजाचा पिंपळ, उत्तरेस आणि पूर्वेस पाणी!"

त्या संध्याकाळी विमलाबाईंनी परात घासून पुसून फळीवर उपडी ठेवली.

दिवाळीच्या सुटीत दोघं गंगाखेडहून मोटारीनं पालमला आणि तिथून बैलगाडीनं चांदतळ्याला गेली. आणि पाणी खरंच दारात होतं. पडवीच्या पायरीला लहान लहान लाटा लागत होत्या, त्यात आभाळ पडलं होतं, आणि आभाळातून बदकं चालली होती. विमलाबाई गाडीतून उतरल्या त्या सामानाकडे न बघता थेट पायरीवर गेल्या, बसल्या आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले.  मार्तंडराव मागं ट्रंक धरून उभे होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना आपण काहीतरी पुरं केल्यासारखं वाटलं, आणि त्यांनी ट्रंक स्वतःच्याच अंगठ्यावर ठेवली.

ती सुटी स्वप्नात गेली. सकाळी तळ्यावर धुकं उतरे, आणि त्या धुक्यातून मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या तेवढ्या चालत येत. मग घंट्यांखालची मेंढरं दिसत, आणि शेवटी मेंढरांमागचा सटवाजी. सटवाजी म्हणजे तळ्याकाठच्या धनगरवस्तीचा म्होरक्या. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. त्याची बायको बानूबाई रोज दूध घेऊन येई आणि विमलाबाईंशेजारी पायरीवर बसे. दोघी पाण्यात पाय हलवत बसत.

बंगलीच्या दहाही खांबांना कंबरेच्या उंचीवर एकेक जाड लोखंडी कडी होती. विमलाबाईंनी त्यांतून दोरी ओवून धुणं वाळत घातलं. मार्तंडरावांनी मात्र त्यावर विचार केला आणि ठरवलं, की नवाबसाहेबांच्या पाहुण्यांचे घोडे इथं बांधत असणार. नेमके दहा घोडे. एवढ्या बारक्या बंगलीत दहा घोडेस्वार बसत कुठं, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही.

दत्तरावांचा सल्ला पत्रानं येतच होता. लाकूड ओलीला ठेवू नका, दगडाचं जोतं घाला, चुन्यात बेलफळाचा गर आणि गूळ कालवा, पिढ्यान्‌पिढ्या हलणार नाही. मार्तंडरावांना 'पिढ्यान्‌पिढ्या' हा शब्द फार आवडला. त्यांनी पालमहून गवंडी आणला. जमिनीलगतच्या तुळया आणि फळ्यांची जमीन दगडात आणि चुन्यात अशी चिणून घेतली, की पाहणाऱ्याला किल्ल्याचा बुरूज वाटावा.

काम चालू असताना सटवाजी काठी टेकून बघत उभा राहिला. शेवटी त्याला राहवलं नाही.

"मालक, कशापाई दगड घालायलाव? बंगलीला चालावं लागतंय."

मार्तंडरावांनी हातातला ओळंबा खाली ठेवला. बंगलीला चालावं लागतं! घरंही चालतात, माणसांसारखी, काळाबरोबर! "सटवाजी," ते गहिवरून म्हणाले, "परत म्हण."

"बंगलीला चालावं लागतंय म्हनलं. पानी जिकडं जाईल तिकडं."

"वाहवा!" मार्तंडराव म्हणाले. "पानी जिकडं जाईल तिकडं!" आणि गवंड्याला म्हणाले, "चुना जरा घट्ट कालव."

सटवाजी घरी जाऊन बायकोला म्हणाला, "शिकलेला मानूस हाय. दोनदा सांगितलं, दोनदा वाहवा म्हनला. त्याच्या डोक्यात कायतरी मोठं असंल." मोठ्या माणसाच्या डोक्यातलं विचारू नये, ही जहागिरीच्या काळातली शिकवण होती, आणि सटवाजीनं ती पाळली. शिवाय बंगली उचलायच्या दिवशी मालकानं वस्तीला पुरणपोळीचं जेवण द्यायचं, असा हक्क होता. तो स्वतःच्या तोंडानं मागणं त्याच्या मिशांना शोभलं नसतं.

संक्रांतीला दोघं परत आली तेव्हा पाणी पायरीपासून दोन हात लांब होतं. मार्तंडराव म्हणाले, "लाजलंय." पुढच्या खेपेला ते वीस हात लांब गेलं होतं, आणि मधे चिखल होता. मार्तंडरावांनी चिखलात दगड टाकून वाट केली. विमलाबाई त्या दगडांवरून पाण्यापर्यंत गेल्या, येताना घसरल्या आणि चिखलात बसल्या. त्या काही बोलल्या नाहीत. पण त्याच्या पुढच्या खेपेला गाडीत बसताना मार्तंडरावांनी पाहिलं, की सामानात परात होती. 

आता इथं एक गोष्ट सांगायची राहिली. दिवाळीच्या भरात मार्तंडरावांनी अर्ध्या कचेरीला आमंत्रण देऊन ठेवलं होतं: रंगपंचमी आमच्या तळ्यावर, पडवीतून थेट पाण्यात उड्या! कचेरीतली माणसं काम विसरतात, आमंत्रण विसरत नाहीत. रंगपंचमीला तीन बैलगाड्या भरून मंडळी आली. लंगोट, पंचे, पिचकाऱ्या, दोन भोपळे पोहायला बांधण्यासाठी, आणि सर्वांत पुढं दत्तराव, त्यांच्या मांडीवर मोटारीच्या चाकाची फुगवलेली ट्यूब.

बंगलीपुढं टरबुजाचे वेल पसरले होते. पाणी हटलं की तळ्याच्या पोटातली ओली गाळाची जमीन वस्तीतले लोक वाटून घेत आणि पेरत, वाडवडिलांपासूनची रीत. त्या हिरव्या वेलांच्या पार पलीकडे, उन्हात, पाण्याची एक चकाकती रेघ दिसत होती.

"पाणी कुठंय?" दत्तरावांनी ट्यूब कवटाळून विचारलं.

"आज जरा लांब गेलंय," मार्तंडराव म्हणाले.

"परत कधी येणाराय?"

"पावसाळ्यात."

मंडळींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग कुणीतरी टरबूज फोडलं, आणि सारी रंगपंचमी टरबुजाच्या रसानं झाली. सगळे खूश होते. मार्तंडराव सोडून. दत्तराव ट्यूबमध्ये बसून टरबूज खात जोत्याचं कौतुक करत होते. "काय काम झालंय! भूकंप आला तरी हलायचं नाही."

तेवढ्यात घोड्यावरून गिरदावर आला. महसुलाचा माणूस, आणि तोही सुटीच्या दिवशी, म्हणजे बातमी चांगली नसणार. त्यानं खरेदीखताची नक्कल काढली. "पूर्वेस पाणी, बरोबर? मग बंगलीपासून त्या तिथल्या पाण्यापर्यंत सगळी जमीन कागदानं तुमची होते. एवढी जमीन तालुक्यात कुणाची नाही. कूळकायद्यात तुम्हाला जाब द्यावा लागेल."

"अहो, पावसाळ्यात ती पाण्याखाली असते!"

"मग तुम्ही उन्हाळ्यात जमीनदार आणि पावसाळ्यात भूमिहीन. माझ्याकडे दोन्हींचे रकाने आहेत, पण वेगवेगळ्या वहीत."

वेलात वाकलेली बानूबाई हातातलं टरबूज तसंच घेऊन उभी राहिली. "मालक, आमची टरबुजाची वाडी तुमची झाली व्हय?"

एवढ्या लोकांसमोर, जन्मात एक गुंठा न पाहिलेल्या माणसाला जमीनदार म्हणावं, आणि तेही ज्या बाईनं आणलेल्या दुधाचा चहा तो पितो तिनं! मार्तंडरावांचे कान लाल झाले. आयुष्यभरच्या साऱ्या शेरांमधून त्यांना एकही आठवेना.

विमलाबाई परातीतून पाय काढून उठल्या. "सटवाजी," त्यांनी विचारलं, "तुम्ही दिवाळीत काय म्हणाला होतात? बंगलीला चालावं लागतं म्हणजे काय?"

"म्हंजी चालावं लागतंय," सटवाजी म्हणाला. "संक्रातीला एक बारी, शिमग्याला एक बारी. कड्यांत वासं घालायचं, चाळीस गडी लावायचं, न् पान्याच्या काठाला नेऊन ठिवायची. पाऊस आला की माघारी. माझ्या आज्यानं उचलली, बापानं उचलली. मी सांगितलं की मालकाला. मालक वाहवा म्हनले."

मंडळींच्या माना हळूहळू मार्तंडरावांकडे वळल्या. मार्तंडरावांनी कड्यांकडे पाहिलं. दहा घोडे एका क्षणात उधळून गेले.

"म्हणजे बंगली पाण्याकाठी नेली तर पूर्वेला लगेच पाणी येईल," विमलाबाई गिरदावराला म्हणाल्या. "मग जमीन कुणाची?"

गिरदावरानं नक्कल उलटीसुलटी करून पाहिली. "मग सरकारची, आणि रिवाजानं यांची. माझी हरकत नाही. फक्त मी पाडव्यानंतर परत येईन, तेव्हा पाणी कागदात लिहिलंय तिथं असलं पाहिजे."

पाडव्याला पुरण शिजलं. वस्तीतले चाळीस गडी जेवले, म्हणजे साठ जेवले; उचलायला चाळीस आले. दत्तराव देखरेखीला मुद्दाम परभणीहून आले होते. रीत अशी, की चालतं घर रिकामं नसावं. घरच्या बाईनं दिवा लावून आत थांबायचं. नवाबाच्या वेळी बेगमसाहेबा आत गादीवर बसत. खाट आणि सामान बाहेर काढलं, आणि विमलाबाई समई घेऊन आत उभ्या राहिल्या. कड्यांत वासे गेले. सटवाजीनं मिशा वर केल्या आणि आरोळी दिली.

बंगली हलली नाही.

दुसऱ्या आरोळीलाही नाही. बेलफळाचा गर, गूळ आणि दत्तरावांचा अनुभव, तिघांनी मिळून तिला धरून ठेवलं होतं. "मी म्हणालो नव्हतो?" दत्तराव अभिमानानं म्हणाले. "हलायची नाही!" हे बोलून झाल्यावर आपण कोणत्या बाजूनं आहोत ते त्यांच्या लक्षात आलं, आणि ते पिंपळामागं जाऊन उभे राहिले.

सटवाजी हार मानणारा नव्हता. त्यानं पहारीनं खांब खालच्या तुळयांत धरून ठेवणाऱ्या पाचरी ठोकून काढल्या. "आता बगा," तो म्हणाला, आणि तिसरी आरोळी दिली. कडाड्‌ असा आवाज झाला आणि बंगली उचलली गेली. भिंती आल्या, खांब आले, पडवी आली, छप्पर आलं. जमीन तेवढी आली नाही. ती चुन्यात जिथल्या तिथं राहिली.

"थांबा! थांबा!" मार्तंडराव ओरडले. पण चाळीस गड्यांच्या खांद्यावर घर चढलं, की ते कुणाच्या ओरडण्यानं थांबत नाही. बंगली चालू लागली. तिच्याखाली हातभर मोकळं होतं, आणि त्या मोकळ्या जागेत विमलाबाईंची पावलं चालताना दिसत होती. जोत्यावरून उतरून त्या घराबरोबर निघाल्या होत्या, चार भिंतींच्या आतून, हातात समई घेऊन. वाट सोडून कोणी वेल तुडवू नये म्हणून बानूबाई पुढं वाकून वेल बाजूला करत होती. ऊन कलतं होतं. खिडकीतून दिवा दिसत होता, आणि एक आख्खं घर, छपरावर बसलेल्या साळुंक्यांसकट, टरबुजांच्या मधून संथपणे पाण्याकडे चाललं होतं. मार्तंडराव मागून चालत होते. त्यांना ओरडायचं होतं, रडायचंही होतं, पण ते नुसतेच त्या पावलांकडे बघत राहिले.

काठ आला. "ठिवायची का?" सटवाजीनं विचारलं.

आतून विमलाबाईंचा आवाज आला. "अजून थोडं. चला."

गडी पाण्यात शिरले. घोट्याइतकं पाणी झालं तेव्हा आतून "आता ठेवा" असं आलं, आणि बंगली हळूच खाली बसली. दहा खांब गाळात रुतले. साळुंक्या उडाल्या आणि परत येऊन बसल्या.

पुढच्या आठवड्यात गिरदावर आला. पूर्वेस पाणी, उत्तरेस पाणी, पश्चिमेस पाणी, आणि घराच्या आतही पाणी, असं पाहून त्यानं कागद घडी करून खिशात घातला आणि चहा मागितला. मागं राहिलेल्या जोत्यावर बानूबाई मिरच्या वाळत घालू लागली. एवढी गुळगुळीत जागा पंचक्रोशीत दुसरी नव्हती. दत्तराव परभणीत अजून त्या जोत्याचं वर्णन करतात, वरच्या घराचं नाव न काढता.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी गडी गेले, सटवाजी गेला, आणि मार्तंडराव धोतर गुडघ्यावर धरून पाण्यातून आपल्या घराच्या दाराशी आले. उंबरा मागंच राहिला होता. आत, गड्यांनी जाता जाता आणून टाकलेल्या खाटेवर, विमलाबाईंनी बैठक मारली होती आणि पाय खाली सोडले होते. खोलीभर पाणी होतं, त्यात समईचा दिवा हलत होता, आणि त्यांच्या पावलांभोवती बारीक मासे फिरत होते.

"दारात म्हणाला होतात," त्या म्हणाल्या. "घरात आलं."

मार्तंडराव त्यांच्या शेजारी खाटेवर बसले आणि त्यांनीही पाय सोडले. इतक्या वर्षांत ते तसे कधीच बसले नव्हते. परातीत दोघांचे पाय मावत नसत. काहीतरी बोलायला हवं होतं. त्यांनी घसा साफ केला, डोळे मिटले. विमलाबाई वाट बघत राहिल्या.

"गार आहे," मार्तंडराव म्हणाले.

"हो," विमलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी आपला पाय पाण्याखाली जरासा सरकवून त्यांच्या पायाला टेकवला.